कसब्यातील एक सकाळ

पुण्यात एखाद्या घरी लग्न ठरले की पहिली अक्षत कसब्याच्या गणपतीला जाते. पत्रिकांचा गठ्ठा छापखान्यातून आला म्हणजे त्यातली वरची पत्रिका बाजूला काढायची, तिला हळदकुंकू लावायचे आणि ग्रामदैवतापुढे ठेवून यायचे, हा रिवाज शहर हडपसर, वाकड आणि कात्रजच्या पलीकडे पसरले तरी सुटलेला नाही. ज्यांचे कुलाचार निराळे आणि मंदिरे निराळी, अशी काही व्यापारी कुटुंबेही हा मान पाळतात. ज्या गावात दुकान मांडले, त्या गावच्या धन्याला विचारल्याशिवाय घरचे कार्य काढू नये, इतकाच त्यामागचा भाव.

असे असूनही पत्रिका ठेवून परत फिरणारा पुणेकर कसब्यात दहा मिनिटांहून अधिक थांबत नाही. गाडी कुठे लावायची, या विवंचनेतच दर्शन उरकते. मंदिराच्या मागे काय आहे, आळ्या कुठे उतरतात आणि त्यांची नावे तशी का पडली, हे पाहायचे तर पायी हिंडले पाहिजे आणि दाखवणारे कोणी सोबत असले पाहिजे. हल्ली तशी सोय झाली आहे. रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसे जमतात, कोणी जाणकार पुढे चालतो आणि दोन-अडीच तासांत जुने पुणे पायाखालून जाते.

डिसेंबर २०२४ मधल्या एका रविवारी असाच एक गट सकाळी सात वाजता मंदिरापुढे उभा होता. हवेत मार्गशीर्षाचा गारठा होता. फुलवाल्या बायका दूर्वांच्या जुड्या बांधत होत्या. गटात महाविद्यालयातली मुले होती, कोथरूडहून आलेले एक निवृत्त दांपत्य होते, बंगळुरूहून नोकरीनिमित्त आलेल्या दोघी होत्या आणि सर्वांत मागे, लोकरीची टोपी घातलेले, ऐंशीच्या घरातील एक सद्गृहस्थ आपल्या नातीचा हात धरून उभे होते. त्यांच्या दुसऱ्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत काहीतरी जाड आणि चौकोनी होते, आणि नातीने दोनदा मागूनही ती त्यांनी तिच्याकडे दिली नाही. रविवार पेठेत त्यांच्या वडिलांचे भांड्यांचे दुकान होते. ते त्यांनी पुढे चालवले आणि आता मुलगा दुसरीकडे, मोठ्या जागेत, चालवतो.

मार्गदर्शक म्हणून आलेली तरुणी वास्तुशास्त्र शिकलेली होती. तिने आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली : मी दोन प्रकारच्या गोष्टी सांगेन, एक कागदावर असलेल्या आणि दुसऱ्या तोंडोतोंडी आलेल्या, कोणती कुठली, तेही सांगेन. असे बजावून सांगणारे मार्गदर्शक थोडे. बहुतेकांना गोष्ट रंगवण्याची घाई असते.

मग चपला काढून सर्व जण आत गेले. बाहेरचा सभामंडप लाकडी, आतला गाभारा दगडी. सभामंडपात शिरताच कमानी आणि खांब माणसाच्या उंचीला धरून असल्याचे जाणवते. देवळात आल्यापेक्षा एखाद्या जुन्या घराच्या ओसरीवर आल्यासारखे वाटते, आणि तसे वाटण्याला कारणही आहे. परंपरा सांगते की शहाजीराजांच्या जहागिरीची व्यवस्था लावण्यासाठी जिजाबाई बालशिवाजीला घेऊन पुण्यात आल्या, तेव्हा ठकार नावाच्या घराण्याच्या घराजवळ ही गणेशाची स्वयंभू मूर्ती होती आणि जिजाबाईंनी तिच्यासाठी देऊळ बांधविले. हा काळ १६३६ नंतरचा. पुढे पेशवाईत हे स्थान राजकृपेचे झाले, पण मूळ नाते वस्तीशी आणि घराशी आहे.

मूर्ती तांदळा स्वरूपाची आहे. म्हणजे कोरीव अवयवांची नव्हे. मूळ पाषाणावर शेंदराचे लेप चढत जाऊन आकाराला आलेली. आतला दगड कोणी पाहत नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी लावलेला शेंदूर तेवढा दिसतो.

मार्गदर्शक तरुणीने येथे थोडा वेळ सर्वांना गप्प बसू दिले. तेवढ्यात एक जोडपे पत्रिका घेऊन आले, गुरुजींनी ती देवापुढे ठेवली, मुलीच्या आईने डोळे पुसले आणि ती मंडळी निघूनही गेली. देऊळ वापरात आहे याचा याहून चांगला पुरावा शिलालेखातही मिळत नाही.

कसबा हा शब्दच मुळी कारभाराचा आहे. परगण्याचे जे मुख्य गाव, जिथे बाजार भरतो आणि अंमलदार बसतो, ते कसबे. पुण्याच्या जुन्या कागदांत ‘कसबे पुणे’ असाच उल्लेख येतो. बाकीच्या पेठा मागाहून आल्या. शहापूर पेठेची सोमवार झाली, मलकापूरची रविवार, मुर्तजाबादची शनिवार. या पेठा वसवताना शेटे-महाजनांना वतने आणि सवलती देऊन व्यापारी बोलावले गेले. आजच्या भाषेत सांगायचे तर औद्योगिक वसाहतीत भूखंड आणि करमाफी दिली गेली. कसब्याला मात्र असे कोणी वसवले नाही. ते होतेच.

किती आधीपासून होते? मंदिरातून बाहेर पडून गट एका चढाच्या बोळात शिरला, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर पायांनाच मिळाले. जुना कसबा टेकाडावर आहे. गावाच्या वस्तीची जमीन ती पांढर आणि कसण्याची ती काळी, हा भेद आपल्याकडे शेतकऱ्यालाही ठाऊक असतो आणि सावकारालाही. माणसे एकाच जागी शतकानुशतके राहिली, घरे पडली, त्यांच्याच मातीवर नवी उठली, राख आणि खापरे साचली, की पांढर वर वर येते. कसब्याचे टेकाड असे माणसांनी चढवलेले आहे. येथे झालेल्या उत्खननांत सातवाहनकाळापर्यंत मागे जाणारे अवशेष मिळाले आहेत. लेखी पुरावा त्यामानाने अलीकडचा, तरीही साडेबाराशे वर्षांचा : राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत ‘पुण्य’ आणि ‘पूनक’ अशी या प्रदेशाची नावे येतात.

“म्हणजे पुण्याचं नाव पहिल्यांदा तांब्यावर लिहिलं गेलं,” मागून आजोबा म्हणाले. सकाळपासूनचे त्यांचे हे पहिलेच वाक्य. त्यांची नात हसली. आजोबांचा विषय आला, हे तिला कळले असावे.

याच टेकाडावर १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेने गाव जाळले. मुरार जगदेवाने गाढवांचा नांगर फिरवून, पहार ठोकून जागा ओसाड केली, अशी आठवण पुण्याने जपली आहे. नंतर जिजाबाईंच्या काळात सोन्याचा फाळ लावून तीच जमीन नांगरली गेली, ही त्यापुढची आठवण. सोन्याच्या फाळाची कथा सर्वांना पाठ असते. मार्गदर्शक तरुणीने तिच्या बरोबरीने दुसरी, कमी चमकदार गोष्ट सांगितली. उजाड मुलखात रयत परत यावी म्हणून कौल दिले गेले आणि सारा पहिल्या वर्षी नाममात्र ठेवून पुढे पायरीपायरीने वाढवला गेला. त्याला इस्तावा म्हणत. लांडग्यांचा उपद्रव होता, तर लांडगा मारणाऱ्याला बक्षीस लावले. फाळ सोन्याचा असो वा लोखंडाचा, गाव पुन्हा वसले ते सवलतीने आणि शब्द पाळल्याने. व्यापारी मनाला हे अधिक पटते.

लाल महालापाशी गट फार थांबला नाही. शहाजीराजांनी बांधलेला मूळ वाडा केव्हाच नाहीसा झाला. आज दिसते ती वास्तू महापालिकेने उभारली आणि ती १९८८ मध्ये पुरी झाली. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी शायिस्तेखानावर याच परिसरात छापा घातला, खान बोटे गमावून निसटला, हे सांगून झाल्यावर महाविद्यालयातल्या एका मुलाने विचारले, “मग हे खोटंच म्हणायचं ना?”

प्रश्न उद्धट नव्हता. त्याला मिळालेले उत्तर मात्र थेट जपानला गेले. तेथे इसे नावाच्या गावी शिंतो पंथाचे सर्वांत मानाचे देवस्थान आहे. सायप्रस जातीच्या लाकडाची ती मंदिरे दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. शेजारी शेजारी दोन जागा राखलेल्या आहेत. एका जागेवर मंदिर उभे असते, दुसरी मोकळी असते. वीस वर्षे भरली की मोकळ्या जागेवर तंतोतंत तसेच मंदिर उभारायचे, देवतेला रात्रीच्या विधीने तिकडे न्यायचे आणि जुने उतरवायचे. त्याचे लाकूड वाया जात नाही. देशातल्या इतर मंदिरांना ते दिले जाते. ही प्रथा सातव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. मध्ये यादवीच्या काळात ती शंभरावर वर्षे खंडितही झाली, पण पुन्हा सुरू झाली आणि २०१३ मध्ये बासष्टावे नूतनीकरण झाले. पुढचे २०३३ मध्ये. आता ते मंदिर अकरा वर्षांचे म्हणायचे की तेराशे वर्षांचे? जपानी माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण सुताराचा हात तोच आहे. वीस वर्षांच्या अंतराने एकदा शिकाऊ म्हणून आणि एकदा उस्ताद म्हणून, असे एकाच माणसाला आयुष्यात दोनदा तरी ते काम करता येते, आणि विद्या पुढच्याच्या हाती जाते.

लाल महालाबद्दल तसे म्हणता येणार नाही. तेथे सिमेंट आहे आणि ज्या हातांनी मूळ वाडा बांधला त्यांचा धागा तुटलेला आहे. ते स्मारक आहे, आणि स्मारक म्हणून त्याचा मान मोठा आहे. पण वास्तू जुनी की कसब जुने, हा प्रश्न मुलाच्या डोक्यात शिरला होता, आणि त्याचे उत्तर पुढच्या आळ्यांत होते.

मुजुमदार वाडा आणि पुरंदरे वाडा या घराण्यांच्या वाड्यांवरून जाताना लाकडी तुळया, कोनाडे, दिंडी दरवाजा, चौक हे सर्व पाहून झाले. मुजुमदार वाड्याचे नाव संगीताशी जोडलेले आहे. सरदार आबासाहेब मुजुमदार स्वतः वादक होते, वाद्यांचे आणि ग्रंथांचे संग्राहक होते, आणि त्यांच्या गणेशोत्सवात हजेरी लावणे हा मोठ्या कलावंतांना मान वाटे. असे नावाजलेले वाडे टिकतात. त्यांच्या आजूबाजूला जे बिननावाचे वाडे आहेत त्यांची अवस्था पाहवत नाही. भिंतीला टेकू, पायऱ्यांवर पिंपळ, आणि आत अजूनही तीन-चार बिऱ्हाडे.

त्याची कारणे रोमांचक नाहीत, पण ती समजून घेतली पाहिजेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. दहा-पंधरा रुपये भाड्यात मालक कौलेही बदलू शकेना आणि भाडेकरूही घर सोडेना. १९९९ चा नवा कायदा आला तोवर बरेच वाडे दुरुस्तीपलीकडे गेले होते. दुसरी अडचण शनिवारवाड्याची. १७३० साली पाया घातलेली, १८२८ च्या आगीत जळालेली ती वास्तू केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीने. नियमाचा हेतू चांगला. परंतु कसब्यातल्या ज्या माणसाचा वाडा त्या शंभर मीटरच्या आत आहे, त्याला तो पाडून नवा बांधता येत नाही आणि जुना सावरण्याइतके पैसे नसतात. स्मारकाचे रक्षण करताना शेजाऱ्याचे काय, या प्रश्नाकडे अजून कोणी पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. इसेमध्ये नवे बांधणे हीच परंपरा, तर येथे नवे बांधणे हा गुन्हा. दोहोंच्या मध्ये कुठेतरी वाट असेलच.

फडके हौदाची हकीकत थोडक्यात सांगितली गेली. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजला तलाव बांधून भूमिगत नळाने शहरात पाणी आणले. ठिकठिकाणी हौद बांधले गेले आणि लोकांना दारात पाणी मिळू लागले. आता हौद नाही, नाव आहे. कसब्यात अशी बरीच नावे आहेत ज्यांच्यामागची वस्तू निघून गेली. कागदीपुऱ्यात कागद होत नाही. बुरूड आळीत मात्र कळकाच्या शिड्या, सुपे आणि टोपल्या अजून रस्त्यावर उभ्या असतात, आणि कुंभारवाड्यात मडक्यांच्या उतरंडी दिसतात.

आणि तांबट आळीत आवाज येतो.

आळी दिसण्याच्या आधी तो ऐकू येतो. ठक् ठक् ठक्, एका लयीत, मग क्षणभर थांबून भांडे फिरवल्याचा घासटता आवाज आणि पुन्हा ठक् ठक्. पूर्वी म्हणे हा आवाज नदीपर्यंत जाई. आता दोन-तीन ठिकाणांहून येतो. गट एका कारखान्याच्या दाराशी थांबला. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. जमिनीत रोवलेल्या लोखंडी ऐरणी, भिंतीला टांगलेले नाना आकारांचे हातोडे, कोपऱ्यात भट्टी. सत्तरीपुढचे एक तांबट मांडी घालून तांब्याचा हंडा मठारत होते.

तांबट हे त्वष्टा कासार. पेशवाईत पुण्याला राजधानीचे रूप आले तेव्हा कोकणातून ही मंडळी येथे आली. राजवाड्यापासून सामान्य घरापर्यंत सर्वांना भांडी लागत. कामाची रीत अशी : पत्र्याचे गोल कापायचे, भट्टीत लाल करायचे, थंड करून ठोकायचे. ठोकले की तांबे कठीण होते, तडकू पाहते. म्हणून पुन्हा तापवून मऊ करायचे. असे कितीदा तरी. आकार आला की चिंचेच्या पाण्याने किंवा आम्लाने धुऊन स्वच्छ करायचे आणि शेवटी मठारायचे. मठार म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने शेजारी शेजारी, एका रांगेत, एकसारखे ठोके देणे. त्या ठोक्यांच्या चकत्या भांड्यावर चमकतात. लोकांना ती नक्षी वाटते. खरे तर त्याने पातळ पत्रा मजबूत होतो. शोभा वरचेवर मिळते.

बंगळुरूच्या मुलींपैकी एकीने विचारले, “हे यंत्रावर होत नाही का?”

“होतं की,” तांबट हात न थांबवता म्हणाले. “यंत्राचा ठोका सगळीकडे सारखा पडतो. पण पत्रा सगळीकडे सारखा नसतो.”

मग त्यांनी स्वतःच सांगितले की स्टेनलेस स्टील आले आणि घरोघरचे हंडे, घागरी, तपेली मोडीत गेली. गॅसच्या शेगड्या आणि विजेचे गिझर आले तसे बंब गेले. मुले नोकरीला लागली. मधली वीस-पंचवीस वर्षे फार वाईट. गेल्या काही वर्षांत वारसा जपणाऱ्या संस्था आणि डिझायनर मंडळी आली. आता हॉटेलांसाठी दिव्यांच्या छत्र्या, ताटे, कुंड्या अशी मागणी असते. “पोट भरतं. पण बंब कोणी सांगत नाही. बंब केला की तांबटाची परीक्षा होते. मधली नळी, भोवतीचं भांडं, तोटी, सगळे सांधे पाण्यालाही आणि जाळालाही टिकले पाहिजेत.”

आजोबा तोवर पुढे आले होते. त्यांनी पिशवीतून लाल कापडी पुठ्ठ्याची, आडवी उघडणारी वही काढली. कडांना पाण्याचा डाग नव्हता, पण कागद पिवळा पडला होता. रविवार पेठेतली जुनी वखार रिकामी करताना माळ्यावर वह्यांची पेटी निघाली होती, आणि दिवाळीपासून ते ती रोज थोडी थोडी वाचत होते. खूण म्हणून घातलेल्या कागदापाशी त्यांनी वही उघडली.

“शेठ, काय आहे?” तांबटांनी हातोडा खाली ठेवला.

“आमच्या वडिलांची खतावणी. एकोणीसशे एकसष्टची.”

खाते एका तांबटाचे होते. दुकानाने पत्रा द्यायचा, तांबटाने हंडे आणि बंब घडवून द्यायचे आणि घडणावळ महिन्याच्या अखेरीस घ्यायची, असा व्यवहार. जुलै १९६१ च्या पहिल्या आठवड्यात माल जमा झाल्याची नोंद होती. घडणावळीचे देणे २८७ रुपये ५० नये पैसे. त्याखाली वडिलांच्या मोडी वळणाच्या अक्षरात एकच ओळ : पुरानंतर पत्ता नाही. पुढची पाने कोरी.

कोणता पूर, हे तेथे कोणाला सांगावे लागले नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. वाडे मातीचे, पाणी ओसरता ओसरता ते खाली बसले. कसब्यातल्या नदीकडच्या भागातली कित्येक बिऱ्हाडे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली आणि जिथे आसरा मिळाला तिथली झाली. रविवार पेठेतले दुकान मात्र कोरडे राहिले होते.

“वडिलांनी शोध केला असणार,” आजोबा म्हणाले. “ते तसे सोडणारे नव्हते. पण एकोणीसशे चौसष्टला ते गेले. मी बावीस वर्षांचा होतो. धंदा हातात आला तेव्हा स्टीलची एजन्सी मिळाली, आणि मी या आळीत पुन्हा आलोच नाही. त्यात मागची वही कोण बघतो?”

तांबटांनी नाव पुन्हा वाचायला सांगितले. मग घरातल्या माणसाला हाक मारून चष्मा मागवला आणि स्वतः वाचले. समाज लहान; कोण कोणाकडे दिले, कोण कुठे गेले, हे सर्वांना ठाऊक असते. त्या घरची मंडळी पुरानंतर आधी छावणीत आणि मग चिंचवडला गेली, असे ते म्हणाले. मुलगा पत्राकामात हुशार होता, त्याला कारखान्यात नोकरी मिळाली. तोही आता नाही. नातू आहे. लग्नकार्यात भेटतो. त्यांनी फळीवरचा मोबाइल घेतला, नाक वर करून आकडे शोधले आणि फोन लावला.

गट अवघडून उभा होता. मार्गदर्शक तरुणीने घड्याळाकडे पाहिले नाही, हे तिचे शहाणपण. फोनवरच्या माणसाला आधी काही उमगेना. आजोबांनी स्वतः बोलायला घेतले तेव्हा पलीकडून येणारा आवाज सर्वांना ऐकू येत होता.

“आमचं काही येणं असल्याचं आजोबांनी कधी सांगितलं नाही हो.”

“तुमच्या वहीत नसेल. आमच्या वहीत आहे.”

“तेव्हाचे ते तीनशे रुपये, काका. आता त्याचं काय?”

“तेच ठरवायचं आहे,” आजोबा म्हणाले.

ठरवणे सोपे नव्हते, हे नातीला माहीत होते. घरी पंधरा दिवस हीच चर्चा चालली होती. वार्षिक सहा टक्क्यांनी सरळ व्याज धरले तर त्रेसष्ट वर्षांचे १०८६ रुपये ७५ पैसे होतात आणि मुद्दलासह १३७४ रुपये २५ पैसे. चक्रवाढीने तीच रक्कम अकरा हजारांच्या पुढे जाते. आजोबांच्या मुलाचे म्हणणे, कायद्याने मुदत केव्हाच संपली, तरी द्यायचे तर चक्रवाढीने द्या आणि मोकळे व्हा. आजोबांना दोन्ही हिशेब पटत नव्हते. घडणावळ ही मजुरी आहे, उसनवारी नव्हे, असे ते म्हणत. आज तितकीच भांडी घडवायला जी मजुरी पडेल, तीच देणे योग्य. वहीत नग लिहिलेले होते : चौदा हंडे, सहा बंब.

म्हणून त्यांनी तांबटांना विचारले, “आज सहा बंबांची घडणावळ काय होईल?”

तांबटांनी वहीकडे पाहिले, ऐरणीकडे पाहिले आणि बोटांवर काहीतरी मोजले. मग हसून म्हणाले, “शेठ, पंधरा वर्षांत बंब केला नाही. भाव कसा सांगू? एक करून बघावा लागेल. किती दिवस लागतात ते बघू, मग सांगतो.”

“करा,” आजोबा म्हणाले. त्यांनी खिशातून पैसे काढले, तेव्हा तांबटांनी पत्र्यापुरतेच घेतले आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख व रक्कम टिपून ठेवली. महाविद्यालयातल्या मुलाने विचारले की बंब बनताना बघायला येता येईल का. “सकाळी ये, भट्टी पेटायच्या आधी,” असे उत्तर मिळाले.

फेरी संपली तेव्हा साडेदहा होत आले होते, म्हणजे ठरल्यापेक्षा तासभर जास्त. पुन्हा मंदिराच्या चौकात येऊन मंडळी पांगली. कोथरूडचे दांपत्य आत जाऊन दुसऱ्यांदा दर्शन घेऊन आले. चौकातली वाहने वाढली होती आणि फुलवाल्यांच्या टोपल्या निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या.

आजोबांनी वही पिशवीत घातली आणि मार्गदर्शक तरुणीला मेट्रोचे स्थानक कुठे ते विचारले. स्वारगेटकडे जाणारा भुयारी मार्ग सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झाला होता, आणि कसबा पेठेचे स्थानक त्याच मार्गावर, पांढरीच्या पोटात आहे. घरी जायचे तर स्वारगेटची गाडी, एवढे नातीला ठाऊक होते.

“दादाजी, आपली गाडी त्या बाजूची,” खाली फलाटावर ती म्हणाली.

“ती नंतर,” ते म्हणाले आणि पिंपरी-चिंचवडकडे जाणाऱ्या फलाटावर जाऊन उभे राहिले.